तापनियंत्रक, पुरवठा-दाबावरील
एखाद्या जागेचे, द्रवाचे वा पदार्थाचे तापमान ठरवून दिलेल्या मर्यादांत राखण्यासाठी तापक अथवा शीतक यंत्राचा विद्युत् प्रवाह आपोआप चालू व बंद करणारी प्रयुक्ती. व्यवहारात ती ‘थर्मोस्टॅट’ या नावाने ओळखली जाते. ज्या तापनियंत्रकाच्या स्पर्शकांमधून घरात येणारा पुरवठ्याचा पूर्ण दाब व यंत्राचा प्रवाह थेट जातो, त्याला पुरवठा-दाबावरील तापनियंत्रक म्हणतात. भारतात एककला पुरवठ्याचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट व कंप्रता ५० हर्ट्‌झ आहे. याउलट, अमेरिकेतील अनेक घरांत भिंतीवरील तापनियंत्रक २४ व्होल्टच्या वेगळ्या मंडलात असतो आणि तो केवळ भट्टीला वा शीतक यंत्राला संदेश देतो. भारतातील गीझर, खिडकीत बसविण्याचे वातानुकूलक, प्रशीतक कपाट, अंडी उबविण्याची पेटी, विजेची इस्तरी इत्यादींमधील यांत्रिक तापनियंत्रक बहुतेक पुरवठा-दाबावरीलच असतात.

या दोन प्रकारांतील भेद केवळ दाबाचा नाही. पुरवठा-दाबावरील तापनियंत्रक एकाच वेळी तापमापक व स्विच अशी दोन कामे करतो. त्यामुळे त्याची रचना सोपी व किंमत कमी असते. परंतु स्विच म्हणून त्याच्यात उद्‌भवणारे दोष तापमापनातही शिरतात आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात प्राणघातक दाबाजवळ जातो. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीसारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशात या दोन्ही गोष्टींना विशेष महत्त्व येते.

इतिहास : डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) यांनी भट्टीचे व अंडी उबविण्याच्या पेटीचे तापमान आपोआप राखण्याची योजना केली होती. अठराव्या शतकात इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) यांनी सागरी कालमापकावरील तापमानाचा परिणाम घालविण्यासाठी दोन धातूंची जोडपट्टी वापरली. अशाच पट्टीच्या वाकण्यावर चालणाऱ्या नियंत्रकाचे एकस्व स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्रू यूर (१७७८–१८५७) यांनी १८३० मध्ये घेतले व ‘थर्मोस्टॅट’ हे नाव रूढ केले. अमेरिकेतील एक अध्यापक वॉरन जॉन्सन (१८४७–१९११) यांना खोलीत वापरावयाच्या विद्युत् तापनियंत्रकाचे एकस्व १८८३ मध्ये मिळाले. शार्ल एद्वार गियोम यांनी १८९६ मध्ये इन्व्हार ही लोखंड व निकेल यांची मिश्रधातू शोधून काढली. तापमान बदलले तरी तिची लांबी जवळजवळ बदलत नाही. या संशोधनाबद्दल त्यांना १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्व्हारमुळे द्विधातवीय पट्टी व दांडा-नळी या दोन्ही प्रकारच्या तापनियंत्रकांची संवेदनशीलता पुष्कळ वाढली.

रचना व कार्य : प्रत्येक यांत्रिक तापनियंत्रकात संवेदक, त्याची हालचाल स्पर्शकांपर्यंत पोहोचविणारी यंत्रणा, स्पर्शकांची जोडी आणि इष्ट तापमान ठरविण्याची तबकडी असे चार भाग असतात. संवेदकांचे तीन प्रकार विशेष प्रचारात आहेत.

(१) द्विधातवीय पट्टी : पितळ व इन्व्हार यांसारख्या, कमीअधिक प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींवर पक्क्या जोडलेल्या असतात. तापमान १° से. वाढले असता पितळेची लांबी दर दशलक्ष भागांमागे सु. १९ भागांनी, तर इन्व्हारची सु. १ ते २ भागांनीच वाढते. त्यामुळे पट्टी इन्व्हारच्या बाजूला वाकते व स्पर्शक उघडतात किंवा मिटतात.

(२) दांडा व नळी : पितळी नळीच्या आत इन्व्हारचा दांडा असतो व दोन्हींचे एक टोक जोडलेले असते. पाण्यात बुडविलेली नळी लांबली की दांडा आत ओढला जातो व स्विच उघडतो. पाणी तापविण्याच्या टाक्यांत हा प्रकार आढळतो.

(३) कुपी व केशनलिका : धातूची लहान कुपी, तिला जोडलेली केसासारखी बारीक नळी व दुसऱ्या टोकाला लवचिक पडद्याचा भाता अशी ही बंद रचना असते. कुपीतील बाष्प वा द्रव तापला की भाता फुगतो व स्विच हलवितो. यामुळे कुपी थंड कप्प्यात वा टाकीत आणि स्विच दूर, हाताशी ठेवता येतो.

स्पर्शक हळूहळू दूर गेल्यास त्यांच्यात विद्युत् प्रज्योत रेंगाळून ते जळतात. म्हणून स्प्रिंग किंवा चुंबक यांच्या साहाय्याने ते एकदम उघडतील व एकदम मिटतील अशी योजना केलेली असते. तबकडी फिरविताना ऐकू येणारी ‘टिक’ ही याच क्रियेची होय. या योजनेचा परिणाम असा की, चालू होण्याचे व बंद होण्याचे तापमान एक नसते. उदा., २५° से. वर लावलेला शीतन-नियंत्रक २६° से. ला यंत्र चालू करून २४° से. ला बंद करील. या फरकाला भेदांतर म्हणतात. भेदांतर फार कमी ठेवल्यास यंत्र वारंवार चालू-बंद होऊन त्याचे व स्पर्शकांचे आयुष्य घटते. फार जास्त ठेवल्यास तापमानातील चढउतार जाणवू लागतो.

तापन व शीतन : केवळ तापनासाठी असलेल्या नियंत्रकाचे स्पर्शक तापमान वाढल्यावर उघडतात, शीतनासाठी असलेल्याचे तापमान वाढल्यावर मिटतात. दोन्ही कामे करणाऱ्या नियंत्रकात एक सामायिक स्पर्शक दोन स्थिर स्पर्शकांच्या दरम्यान हलतो. तापमान उतरले की तो तापनाच्या बाजूस व चढले की शीतनाच्या बाजूस टेकतो. दोन्ही यंत्रे एकमेकांविरुद्ध चालू राहू नयेत म्हणून मध्ये काही अंशांचा निष्क्रिय पट्टा ठेवतात किंवा ‘तापन–बंद–शीतन’ असा हाताने फिरवावयाचा निवडस्विच देतात. मोठ्या हॉटेलांत व रुग्णालयांत पंखा व पाण्याच्या नळ्यांचे वेटोळे असलेले संच खोल्यांतून बसवितात. तेथील भिंतीवरचा २३० व्होल्टचा नियंत्रक पंख्याचा वेग ठरवितो व थंड पाण्याची झडप उघडतो वा मिटतो.

अशा नियंत्रकावर काम करून घेताना प्रथम निवडस्विच योग्य स्थानी आहे याची खात्री करावी, नंतर तबकडी इष्ट तापमानावर लावावी व यंत्रास पुरेसा अवधी द्यावा. तबकडी टोकापर्यंत फिरविल्याने खोली लवकर थंड वा पाणी लवकर गरम होत नाही. नियंत्रक यंत्राचा वेग बदलीत नाही. यंत्र केव्हा थांबावे एवढेच तो ठरवितो. टोकावर ठेवलेली तबकडी म्हणजे यंत्राला न थांबण्याची आज्ञा असते व तिचा परिणाम केवळ विजेच्या देयकात दिसतो. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलकांचे आरंभीचे तापमान २४° से. ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे.

रायगड किनाऱ्यावरील उपयोग : पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व १९८१ मध्ये रायगड असे नामांतर झालेल्या या जिल्ह्याच्या उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या किनारी भागांत हिवाळा सौम्य असतो व खोल्या तापविण्याची गरज पडत नाही. येथे तापन-नियंत्रकाचे काम मुख्यतः स्नानाच्या पाण्यापुरते व उबवणीच्या पेट्यांपुरते असते. कोंबडीची अंडी २१ दिवस सु. ३७·५° से. तापमानात ठेवावी लागतात. त्यात एखाद्या अंशाची सततची वाढही गर्भास मारक ठरते. शीतनाचा पसारा मात्र मोठा आहे. पर्यटकांची निवासस्थाने, औषधांची दुकाने व रुग्णालये यांबरोबरच मासेमारी हा व्यवसायच थंडाव्यावर उभा आहे. ताजी मासळी बर्फात ०° से. च्या आसपास, तर गोठविलेली मासळी −१८° से. किंवा त्याखाली ठेवावी लागते. बर्फाच्या कारखान्यात पाण्याचे डबे सु. −१०° से. तापमानाच्या मिठवणीत बुडवून ठेवतात. तेथील संपीडकाचा चलित्र त्रिकला व मोठ्या शक्तीचा असल्याने त्याचा प्रवाह तापनियंत्रकातून नेत नाहीत. नियंत्रक केवळ संपर्कक-स्विचच्या वेटोळ्याला प्रवाह देतो व संपर्कक चलित्र चालू करतो. त्यामुळे अशा ठिकाणी दोष शोधताना नियंत्रक, संपर्ककाचे वेटोळे व संपर्ककाचे मुख्य स्पर्शक असे तीन टप्पे वेगवेगळे तपासावे लागतात.

खारी हवा व स्पर्शक : पावसाळ्यात किनाऱ्यावरील हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांहून अधिक राहते आणि वाऱ्याबरोबर लवणाचे सूक्ष्म कण घरात येतात. लवण हवेतील बाष्प शोषून घेते, त्यामुळे अग्रांवर व निरोधकांवर विद्युत् संवाहक ओलसर थर जमतो. तांब्या-पितळेवर हिरवट क्षार चढतो, लोखंडी स्क्रू गंजतात, स्प्रिंगांचा ताण कमी होतो व चांदीच्या स्पर्शकांवर काळपट पुट बसते.

याचा परिणाम साध्या गणिताने समजतो. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेतो. चांगल्या स्पर्शकांचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो व तेथे एक वॉटपेक्षा कमी उष्णता निर्माण होते. गंजामुळे किंवा ढिल्या स्क्रूमुळे हाच रोध ०·१ ओहम झाल्यास त्या बिंदूवर सु. ७·६ वॉट उष्णता निर्माण होऊ लागते. काड्यापेटीएवढ्या बंद जागेत ही उष्णता प्लॅस्टिक काळे पाडण्यास व तारेचे वेष्टन वितळविण्यास पुरेशी असते. प्रवाह मात्र वाढलेला नसल्यामुळे वितळतार जळत नाही व मंडल-विच्छेदक उघडत नाही. यास्तव जळका वास, अग्राजवळचे रंगांतर व हाताला लागणारी तबकडीची ऊब ही चिन्हे कधीही दुर्लक्षू नयेत.

भिंतीवरील नियंत्रकात याच उष्णतेमुळे तापमापनही बिघडते. आतली पट्टी खोलीचे नव्हे, तर स्वतःच्या स्पर्शकांनी तापलेल्या हवेचे तापमान मोजते. परिणामी तापन अकाली थांबते किंवा शीतन विनाकारण चालू राहते. अशा वेळी तबकडी थोडी पुढेमागे लावून काम भागविणे म्हणजे आगीचे कारण झाकून ठेवणे होय.

जागेची निवड : तापनियंत्रक ज्या ठिकाणी असतो तेथील तापमान राखतो. म्हणून खोलीतील नियंत्रक आतील भिंतीवर, जमिनीपासून सु. १·५ मी. उंचीवर, हवा मोकळी खेळेल अशा जागी बसवितात. उन्हाने तापणारी वा समुद्राकडील पावसाचा मारा झेलणारी भिंत, दार, दिवा, स्वयंपाकघराची बाजू व यंत्रातून येणारा थंड झोत टाळावा. तारा ज्या नळीतून येतात तिचे तोंड बुजवून घ्यावे. अन्यथा भिंतीतून येणारी दमट हवा पेटीत शिरून तापमान चुकविते व गंज चढविते.

तापमान स्थिर राखण्यात वास्तूचा वाटा किती मोठा असतो, याचे उत्तम उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला हलविण्यात आली व १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या. चुंबकाचे बल तापमानानुसार बदलते व त्यामुळे नोंदीत चूक येते. म्हणून तेथे पोरबंदरच्या अचुंबकीय दगडाची, खोलीच्या आत खोली अशा पद्धतीची उष्णतारोधक वास्तू बांधण्यात आली. दिवसभरातील तापमानाचा फरक आत अत्यल्प राहावा हे काम भिंतींनीच केले. उलटपक्षी, पत्र्याचे छप्पर, फटी असलेली दारे व उघडी झडप असलेल्या खोलीत उत्तम तापनियंत्रकही यंत्राला थांबवू शकत नाही आणि दोष नियंत्रकावर येतो.

पुरवठ्यातील दोष : भारतीय विद्युत् नियम, १९५६ यांनुसार घरगुती पुरवठ्याचा दाब घोषित दाबापासून ६ टक्क्यांहून अधिक ढळू नये अशी अपेक्षा होती, म्हणजे २३० व्होल्टसाठी ही कक्षा सु. २१६ ते २४४ व्होल्ट येते. लांब वाहिनीच्या टोकाला असलेल्या वाडीत सायंकाळी दाब याहून खाली उतरू शकतो. तापकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २० टक्क्यांनी उतरून १८४ व्होल्ट झाल्यास २,००० वॉटचा तापक १,२८० वॉटच देतो. परिणामी २५ लिटर पाणी २७° से. पासून ६०° से. पर्यंत तापविण्यास, ऱ्हास वगळता, २९ मिनिटांऐवजी ४५ मिनिटे लागतात. येथे नियंत्रकात कोणताही बिघाड नसतो.

संपीडकाची अवस्था अधिक बिकट असते. कमी दाबावर चलित्राचे आरंभीचे पीळबल दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते, तो फिरत नाही व नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. त्याच्या अंगावरील अतिभार-रक्षक काही सेकंदांत मंडल तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा जोडतो व असे चक्र चालू राहते. हा ‘टिक’ आवाज संपीडकापाशी येतो, तबकडीपाशी नव्हे. एवढे लक्षात घेतल्यास चांगला नियंत्रक बदलण्याचा खर्च टळतो. चालू संपीडक बंद पडल्यावर त्यातील दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यास सु. ३ मिनिटे लागतात. क्षणभर वीज जाऊन आल्यावर बंद स्पर्शकांमुळे तो लगेच सुरू होऊ पाहतो व हाच प्रसंग ओढवतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. विजेचे खांब व तारा मोठ्या प्रमाणावर कोसळून मुरूड, श्रीवर्धन व म्हसळे भागांतील अनेक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. दीर्घ खंडानंतर वीज परतते तेव्हा प्रत्येक शीतकपेटी गरम व प्रत्येक गीझर थंड असल्याने सर्व तापनियंत्रकांचे स्पर्शक एकाच वेळी मिटलेले असतात. त्या एकत्रित भारामुळे दाब पुन्हा कोसळतो. म्हणून खंडाच्या काळात यंत्रे मुख्य स्विचवर बंद ठेवावी, वीज आल्यावर दिव्याच्या उजेडावरून वा दाबमापकावरून पुरवठा स्थिर झाल्याची खात्री करावी व नंतर ती एकेक चालू करावी. पाण्यात बुडालेला वा भिजलेला नियंत्रक वाळवून वापरू नये. त्यातील लवण वाळल्यावरही तसेच राहते. तो बदलणेच योग्य होय.

दोषशोधन : कोणताही भाग उघडण्यापूर्वी मुख्य मंडल-विच्छेदक बंद करून, ज्या अग्रांना हात लावायचा तेथे दाब नाही याची चालू स्थितीतील मापकाने खात्री करणे अनिवार्य आहे. तबकडी ‘बंद’ वर असणे म्हणजे मंडल मृत असणे नव्हे. एकध्रुवी नियंत्रक एकच तार तोडतो. ती जर फेजऐवजी तटस्थ तार असेल, तर यंत्र थांबलेले दिसते, पण तापकावर पूर्ण दाब उभाच असतो. जुन्या घरांत नवी तारजोडणी करताना ही उलटापालट होऊ शकते. दाब चालू ठेवून करावयाच्या मोजण्या परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्याव्यात. लक्षणे व कारणे यांचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो.

(अ) यंत्र चालूच होत नाही : पुरवठा, विच्छेदक, निवडस्विच व तबकडीचे स्थान प्रथम पाहावे. खोली २५° से. असताना शीतन २८° से. वर लावलेले असणे हे नेहमी आढळणारे कारण आहे. तबकडी पूर्ण फिरविताना ‘टिक’ ऐकू न आल्यास स्प्रिंग वा संवेदक निकामी झाला असावा. पुरवठा असताना दोन्ही स्पर्शकांच्या दरम्यान २३० व्होल्ट दाब आढळल्यास ते उघडे आहेत. जवळजवळ शून्य आढळल्यास ते मिटलेले असून दोष पुढे, यंत्रात आहे. मिटलेल्या स्पर्शकांवर एका व्होल्टच्या आसपास दाब दिसल्यास ते खराब झाले आहेत असे समजावे.

(आ) यंत्र थांबतच नाही : तबकडी विरुद्ध टोकाला नेऊनही यंत्र चालू राहिल्यास स्पर्शक वितळून एकमेकांस चिकटले आहेत किंवा कोणीतरी तारांनी नियंत्रक वगळला आहे. तबकडी फिरविल्यावर यंत्र थांबत असेल, तर नियंत्रक ठीक असून उष्णतेचा भार अधिक आहे, प्रशीतक वायू कमी झाला आहे, गाळणी चोंदली आहे किंवा कुपी आपल्या जागेवरून निसटली आहे.

(इ) यंत्र वारंवार चालू-बंद होते : कुपी थंड झोतात येणे, ढिले अग्र, अतिभार-रक्षकाची क्रिया किंवा अत्यल्प भेदांतर यांपैकी कारण असते.

(ई) तापमान चुकते : नियंत्रकाशेजारी तापमापक अर्धा तास ठेवून तुलना करावी. फरक कायम एकाच दिशेने व सारखा असल्यास तबकडीचे अंकन दुरुस्त करता येते. तो यंत्र चालू असताना वाढत असल्यास स्पर्शक तापत आहेत.

(उ) तापन व शीतन उलट होते : दोन स्थिर स्पर्शकांवरील तारांची अदलाबदल झालेली असते.

(ऊ) गळती-प्रवाह विच्छेदक वारंवार उघडतो : ३० मिलिअँपिअरचा विच्छेदक पावसाळ्यात उघडत असल्यास दोष बहुधा तापकाच्या चिरलेल्या आवरणात किंवा अग्रांवरील खाऱ्या ओलीत असतो. विच्छेदक काढून टाकणे हा यावरचा उपाय नव्हे.

केशनलिकेला चीर पडून आतील बाष्प निघून गेल्यास शीतन-नियंत्रकाचा भाता मिटतो, स्पर्शक उघडतात व यंत्र थांबते. साठविलेली मासळी वा औषधे खराब होतात. तापन-नियंत्रकात याच्या उलट घडते. भाता न फुगल्याने स्पर्शक मिटलेलेच राहतात व पाणी तापतच जाते. बंद टाकीत दाब वाढून ती फुटण्याचा संभव असतो. यासाठी गीझरमध्ये तापनियंत्रकाशिवाय स्वतंत्र ऊष्मीय विच्छेदक, वितळणारी गुडदी व दाब सोडणारी झडप असतात. विच्छेदक पुन्हापुन्हा उघडतो म्हणून त्याला तारेने वगळणे अत्यंत घातक आहे. त्याचे उघडणे हीच नियंत्रक निकामी झाल्याची सूचना असते. नळातून वाफ येणे, टाकीत खदखदण्याचा आवाज येणे किंवा झडपेतून सतत पाणी ठिबकणे दिसताच वीज बंद करून टाकी निवू द्यावी. ६०° से. पाण्याने काही सेकंदांतच त्वचा भाजते, हेही लहान मुले व वृद्ध असलेल्या घरांत ध्यानी ठेवावे.

निगा व बदल : किनारी भागात पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी पुरेशी होते. वीज तोडून अग्रांचे स्क्रू आवळावेत, मऊ कोरड्या ब्रशाने धूळ काढावी, कथिलाचा मुलामा दिलेली तारटोके वापरावी व पेटीची फट बुजवावी. स्पर्शक कानशीने वा वाळूकागदाने घासू नयेत; चांदीचा पातळ थर निघून गेल्यास ते अधिक वेगाने जळतात. तेल वा ग्रीजही लावू नये. उघड्या जागेत धूळ व पाण्यापासून संरक्षण देणारी आवरणे आवश्यक असतात.

नवा नियंत्रक निवडताना दाब, प्रवाह, ध्रुवांची संख्या, तापमानाची कक्षा व क्रियेची दिशा या पाचही गोष्टी जुळल्या पाहिजेत. त्यावर ‘१६ (४) अँपिअर’ असे अंकन असल्यास तो तापकासारख्या रोधी भारासाठी १६ अँपिअर, परंतु चलित्रासारख्या प्रवर्तनी भारासाठी ४ अँपिअरच सहन करतो असा अर्थ होतो. हा भेद न पाहता गीझरचा नियंत्रक संपीडकाला जोडल्यास स्पर्शक लवकर चिकटतात.

अलीकडे ऊष्मारोधक संवेदक व सूक्ष्म-संस्कारक असलेले इलेक्ट्रॉनीय नियंत्रक प्रचारात आले आहेत. त्यांचे भेदांतर कमी असते व वीज परतल्यावर संपीडक काही मिनिटे थांबवून ठेवण्याची सोय त्यांत असते. तथापि त्यांच्या मंडलपट्टीलाही खारी ओल बाधते आणि शेवटी भार चालू-बंद करणारा अभिचालित्र-स्विच धातूच्या स्पर्शकांचाच असतो. म्हणून पाणी तापविण्याच्या उपकरणांत इलेक्ट्रॉनीय नियंत्रक असला, तरी त्याच्यावर अवलंबून नसलेला यांत्रिक ऊष्मीय विच्छेदक ठेवण्याची पद्धत कायम आहे.